‘राम कृष्ण हरी’: सहा अक्षरांचा मंत्र, ना दीक्षा ना मुहूर्त, अर्थ काय, जप कसा करतात?

छत्रपती संभाजीनगर : जाधववाडीच्या बाजार समितीत एखाद्या आडत्याला फोन लावा. ‘हॅलो’ ऐकू येईलच असे नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस असेल तर पलीकडून पहिला शब्द येतो तो ‘राम कृष्ण हरी’. मग कांद्याचा भाव, गाडी किती वाजता पोहोचेल, पट्टी कधी मिळेल वगैरे. बोलणे संपले की पुन्हा एकदा ‘राम कृष्ण हरी’ आणि फोन बंद. दिवसभरात असे चाळीस-पन्नास फोन झाले की तेवढ्याच वेळा मंत्र म्हणून होतो, तोही हिशेब न ठेवता.

मराठवाड्यात हे तीन शब्द कानावर न पडलेला माणूस सापडणे अवघड. कीर्तनाची सुरुवात त्यानेच होते, दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडताना तेच म्हणतात आणि एसटीच्या मागच्या काचेवरही तेच लिहिलेले दिसते. पण हा मंत्र आला कुठून, त्याचा अर्थ काय, तो म्हणायला गुरू लागतो का, बायकांनी म्हणावा का, किती वेळा म्हणायचा, असे प्रश्न विचारले की उत्तरे पाच प्रकारची मिळतात. त्यातली बरीचशी व्हॉट्सॲपवरून आलेली असतात. या मंत्राच्या इतिहासातला सर्वांत धारदार प्रसंग मात्र याच जिल्ह्यातल्या एका मुलीच्या वाट्याला आला होता, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

अर्थ काय?

रा-म-कृ-ष्ण-ह-री. अक्षरे मोजली तर सहा. म्हणून याला षडाक्षरी मंत्र म्हणतात. तिन्ही नावे विष्णूची किंवा त्याच्या अवतारांची आहेत. ‘राम’ हा शब्द ‘रम्’ या धातूपासून आला, म्हणजे रमणे. ज्याच्या ठायी मन रमते तो राम. ‘कृष्ण’ म्हणजे सावळा. परंपरेने त्याचा संबंध ‘कृष्’ म्हणजे ओढणे या धातूशीही जोडला आहे. जो मनाला ओढून घेतो तो कृष्ण. ‘हरी’मध्ये ‘हृ’ हा धातू आहे. हृ म्हणजे हरण करणे, घेऊन जाणे. पाप, दुःख, चिंता हरण करतो तो हरी. कीर्तनकार या तीन शब्दांवर दोन तास सहज बोलतात. सांगायचे ते एवढेच असते की आधी मन रमते, मग ओढले जाते आणि शेवटी ‘मी’ हरवून जातो.

लेखनाबद्दल एक गोष्ट. ‘हरि’ बरोबर की ‘हरी’? संस्कृतात ऱ्हस्व. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांत शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहितात, म्हणून ‘कवि’चे कवी झाले तसे ‘हरि’चे हरी. जुन्या पोथ्यांत ऱ्हस्व दिसेल, वर्तमानपत्रांत दीर्घ. मंत्राला त्याने काही होत नाही, तो बहुतेक वेळा तोंडानेच म्हटला जातो.

खरी गंमत व्याकरणात आहे. ‘ॐ नमः शिवाय’ किंवा ‘ॐ नमो भगवते वासुदेवाय’ हे मंत्र पाहा. ‘नमः’ आले की पुढच्या नावाला चतुर्थी लागते. शिवाय म्हणजे शिवाला, वासुदेवाय म्हणजे वासुदेवाला. ती पूर्ण वाक्ये आहेत, ‘तुला नमस्कार’ असे सांगणारी. उत्तरेत आणि इस्कॉनच्या मंदिरांत म्हटला जाणारा महामंत्र संबोधनात आहे, म्हणून तिथे हरिचे ‘हरे’ होते. ‘राम कृष्ण हरी’मध्ये यातले काहीच नाही. ॐ नाही, नमः नाही, विभक्ती नाही, क्रियापद नाही. तीन नावे शेजारी शेजारी ठेवली आहेत, बस. संस्कृत न येणाऱ्या माणसाची इथे चूक होऊ शकत नाही, कारण चुकायला काही ठेवलेलेच नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हा वारकऱ्यांचा मंत्र, पण त्यात विठ्ठलाचे नाव नाही. वारकरी विठ्ठलाला कृष्णाचेच रूप मानतात, त्यामुळे त्यांना त्यात विसंगती वाटत नाही.

तुकोबांना मंत्र मिळाला तो स्वप्नात

हा मंत्र वारकरी संप्रदायात रुजला तो तुकाराम महाराजांमुळे. त्यांनीच अभंगातून सांगितले आहे की बाबाजी चैतन्य यांनी स्वप्नात येऊन डोक्यावर हात ठेवला आणि ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिला. राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी चैतन्य अशी गुरुपरंपराही त्यांनी नोंदवली. बाबाजींची समाधी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला आहे. दिवस होता माघ शुद्ध दशमी, गुरुवार. तिथी-वार दिला, पण शक दिला नाही. त्यामुळे नेमके वर्ष कोणते यावर अभ्यासक आजवर वाद घालत आले आहेत.

स्वप्नातला एक तपशील मोठा घरगुती आहे. गुरूने जेवणासाठी पावशेर तूप मागितले आणि ते द्यायचे तुकोबा विसरले. गुरुदक्षिणेची एवढीच नोंद, आणि तीही राहून गेलेली. आज ‘मंत्रदीक्षा पॅकेज’ची जाहिरात मोबाइलवर दिसली की हे पावशेर तूप आठवायला हरकत नाही.

गुरूने कानात सांगायचा मंत्र गुप्त ठेवायचा, असा सर्वसाधारण संकेत. तुकोबांनी आपल्याला मिळालेला मंत्र अभंगात सांगून टाकला. म्हणून वारकरी याला उघडा मंत्र म्हणतात. कानात सांगायचा तो चौकात आला.

देवगावची मुलगी आणि तिने खाल्लेला मार

उघडा मंत्र म्हणजे काय, याची किंमत एका बाईने मोजली. संत बहिणाबाई. (अहिराणी-लेवा बोलीत गाणी रचणाऱ्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या १८८० ते १९५१ या काळातल्या.) संत बहिणाबाईंचा जन्म १६२८ मधला, वेरूळच्या परिसरातल्या देवगावचा. म्हणजे आजचे कन्नड तालुक्यातले देवगाव रंगारी. ब्राह्मण घर. कोवळ्या वयात तिचे लग्न तिच्याहून कितीतरी मोठ्या बिजवराशी लावून दिले. कर्जामुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर अशी ठिकाणे करत ते कोल्हापूरला पोहोचले.

कोल्हापुरात त्यांना एक गाय मिळाली आणि तिचे वासरू बहिणाबाईला इतके लळा लावून बसले की ती जिथे जाईल तिथे ते मागे. जयरामस्वामी वडगावकर यांच्या कीर्तनालाही ती वासरासकट जायची. एकदा गर्दीत लोकांनी वासराला बाहेर काढले. मुलगी रडायला लागली. जयरामस्वामींनी वासरू परत आत बोलावले आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. गावात चर्चा झाली. ती नवऱ्याच्या कानावर गेली आणि त्याने तिला बेदम मारले. बांधून ठेवले. पुढे ते वासरूही गेले.

ती काही दिवस निपचित पडून होती. त्या अवस्थेत तिला तुकाराम दिसले आणि त्यांनी ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिला. तिनेही तिथी-वार लिहून ठेवला आहे : कार्तिक वद्य पंचमी, रविवार. तुकोबांना बाबाजी स्वप्नात भेटले, तिला तुकोबा. फरक एवढाच की तुकोबांना त्यासाठी कोणी मारले नव्हते. वेदपाठी ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचे, तेही त्याला कधी न भेटता, हे नवऱ्याला सहन होणे शक्यच नव्हते. त्याने तिला सोडून जायचे ठरवले. मग तो आजारी पडला, मन बदलले आणि अखेर सगळे कुटुंब देहूला गेले. तिथेही मंबाजीने त्यांना त्रास दिलाच.

हे सगळे आपल्याला माहीत आहे ते बहिणाबाईंनी स्वतःच्या आयुष्याबद्दल अभंग रचले म्हणून. मराठीत एखाद्या स्त्रीने लिहिलेल्या आत्मचरित्राचा हा फार जुना नमुना. जस्टिन ॲबट या अमेरिकी मिशनऱ्याने १९२९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. वारकरी पंथ ही एक इमारत, तिचा पाया कोणी घातला आणि कळस कोण झाला, हे घराघरांत माहीत असलेले रूपक त्यांच्याच नावावर आहे. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे. १७०० मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

‘स्त्रियांनी मंत्र म्हणावा का’ हा प्रश्न आजही सोशल मीडियावर विचारला जातो. त्याचे उत्तर शिऊरला दगडात बांधून ठेवलेले आहे. मासिक पाळी, सोवळे-ओवळे, जात, वय, यांपैकी कशाचीही अट वारकरी परंपरेने नामस्मरणाला घातलेली नाही. गाभाऱ्याचे नियम वेगळे असू शकतात. उदाहरणार्थ, वेरूळच्या घृष्णेश्वरला गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो. नामाला गाभारा नाही.

पैठण : कोणी म्हणायचे, याचा जुना वाद

शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरचे पैठण हे या वादाचे मूळ गाव म्हणावे लागेल. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेली ज्ञानेश्वरादी भावंडे शुद्धिपत्र मागायला इथल्याच धर्मपंडितांपुढे उभी राहिली होती. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले ती कथा इथलीच, आणि ती नागघाटावर घडली असे सांगतात. कथा चमत्काराची आहे, ती तशीच घेणे न घेणे ज्याच्या त्याच्यावर. पण तिचा रोख कुठे आहे, हे कळायला श्रद्धा लागत नाही. मंत्र कोणाच्या तोंडी शोभतो हे ठरवणाऱ्यांना दिलेले ते उत्तर आहे.

त्याच पैठणला एकनाथ महाराज झाले. तुकोबांच्या आधी जवळपास अर्धे शतक. त्यांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती पैठणला सुरू झाली आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. त्यांचाही स्वतःचा हरिपाठ आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला, १५९९ मध्ये, त्यांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. तीच नाथषष्ठी. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी असे तीन दिवस दिंड्या गावोगावहून चालत येतात आणि काल्याची दहीहंडी फुटली की परततात. आषाढीला पंढरपूरकडे निघणाऱ्या मानाच्या सात पालख्यांत नाथांची पालखी आहे. तिच्यात ‘ज्ञानोबा-तुकाराम’ऐवजी ‘भानुदास-एकनाथ’ असा गजर ऐकू येतो. भानुदास म्हणजे नाथांचे पणजोबा.

नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे किल्लेदार होते. त्यांची समाधीही त्याच किल्ल्यावर आहे. त्या किल्ल्यावरची एक गोष्ट जपाबद्दल जितकी सांगते तितकी बरीच पुस्तके सांगत नाहीत. तरुण एकनाथांकडे हिशेबाचे काम होते. एके रात्री एका पैची चूक निघेना. रात्रभर वह्या उलटल्या. पहाटे ती पै सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. गुरू मागे उभे होते. एका पैसाठी एवढे मन लागते, तर तेच मन देवाकडे लावून पाहा, असे ते म्हणाले. पुढे नाथांनी खुलताबादजवळच्या शूलिभंजन डोंगरावर साधना केली.

कोडमधली एक चूक शोधत रात्र काढलेल्या कोणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

जप म्हणजे नेमके काय करायचे?

शास्त्रात जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोठ्याने म्हणतो तो वाचिक. ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही तो उपांशु. ओठही हलत नाहीत तो मानस. मनुस्मृतीने यांची चढती प्रतवारी लावली आहे; मानस सर्वांत वरचा. वारकऱ्यांनी मात्र उलट रस्ता धरला. त्यांचा मंत्र टाळ-पखवाजासह, शेकडो जणांच्या तोंडून, मोठ्याने. कीर्तनाच्या सुरुवातीला हा गजर संथ लयीत उचलला जातो, टाळकरी मागे धरतात, मग लय हळूहळू वाढत जाते. एकट्याने डोळे मिटून बसणे ज्याला जमत नाही त्याला हा प्रकार सोपा जातो, कारण शेजारचा माणूस थांबू देत नाही.

एकट्याने करायचा तर माळ घेतात. माळेत १०८ मणी आणि एक मेरुमणी. मेरुमणी ओलांडत नाहीत, तिथून माळ उलटी फिरवतात. विष्णूच्या नामाला तुळशीची माळ, शिवाच्या जपाला रुद्राक्षाची. इथे एक घोळ कायम होतो. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ ही मोजायची माळ नसते. ‘माळ घालणे’ म्हणजे व्रत घेणे : मांस-मद्य वर्ज्य, एकादशी आणि पंढरीची वारी. म्हणून ‘तो माळकरी आहे’ असे म्हटले की गावात त्याच्या जेवणाच्या पंगतीपासून सगळे ठरून जाते. मंत्र म्हणण्यासाठी ही माळ गळ्यात असावीच लागते असे नाही.

माळ नसेल तर बोटांची पेरे. अलीकडे अंगठीसारखे बोटात घालायचे काउंटरही मंदिराबाहेर मिळतात. बटण दाबले की आकडा पुढे सरकतो. मोबाइलवर ॲपही आहेत. ते वापरावे का? वापरायला काहीच हरकत नाही, पण जप करताना वर नोटिफिकेशन येते ही अडचण तुळशीच्या मण्याला नव्हती.

१०८ च का? २७ नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, गुणाकार १०८. किंवा १२ राशी गुणिले ९ ग्रह. ही परंपरेतली स्पष्टीकरणे. सूर्य आणि पृथ्वी यांतले अंतर सूर्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे, असा एक मेसेज नेहमी फिरतो. आकडा जवळपास बरोबर आहे, भागाकार केला तर साडेएकशे सात येतो. पण माळ त्यावरून बेतली याचा पुरावा नाही. जुळणारा आकडा सापडणे आणि कारण सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेळेचा हिशेब सोपा आहे. ‘राम कृष्ण हरी’ शांतपणे म्हणायला साधारण दोन सेकंद लागतात. १०८ वेळा म्हणजे २१६ सेकंद. तीन मिनिटे ३६ सेकंद. क्रांती चौकातल्या सिग्नलला दोन-तीनदा थांबावे लागले तर एक माळ तिथेच होते. ‘वेळ मिळत नाही’ ही सबब निदान गणितात बसत नाही.

मोठ्या आकड्यांचे गणित मात्र थक्क करते. मराठवाड्याचेच दुसरे सुपुत्र समर्थ रामदास, जन्म जालना जिल्ह्यातल्या जांबचा. त्यांनी नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षांत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्राचा १३ कोटी जप केला, असे परंपरा सांगते. भागाकार केला तर रोजचे सुमारे २९,७०० होतात. दोन सेकंदांना एक धरला तर रोज साडेसोळा तास. मग जेवण, झोप? भक्त म्हणतील, मानस जपाला घड्याळ लागत नाही. हाच तेरा अक्षरी मंत्र पुढे गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) घराघरांत पोहोचवला, तेव्हा त्यांनी भर आकड्यापेक्षा सातत्यावर दिला.

सात दिवस खाली न ठेवलेली वीणा

संख्येपेक्षा सातत्य म्हणजे काय, हे पाहायचे तर गावातला अखंड हरिनाम सप्ताह पाहावा. मराठवाड्यात असे गाव क्वचितच असेल जिथे वर्षातून एकदा सप्ताह बसत नाही. वैजापूर तालुक्याला लागून गोदावरीच्या पात्रात असलेल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह तर एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला. गावेच्या गावे भाकरी थापून नेतात आणि आमटी-भाकरीच्या पंगती उठतात.

सप्ताहाचे वेळापत्रक बहुतेक ठिकाणी सारखेच. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरचे भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. शेवटी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. पण सप्ताहाचा कणा यापैकी कशातच नाही. तो आहे वीणेत. मांडवात देवापुढे एक माणूस गळ्यात वीणा घालून उभा असतो आणि नाम घेत असतो. सात दिवस म्हणजे १६८ तास ही वीणा जमिनीवर ठेवायची नाही. यालाच पहारा म्हणतात. दोन तासांचा एक पहारा धरला तर ८४ पहारे. कोणी कधी उभे राहायचे याची यादी आधीच लागते. दुपारचे पहारे म्हाताऱ्यांना, रात्री दोन ते चारचा कोणा तरण्या पोराला. बारावीच्या परीक्षेला तीन तास एका जागी न बसणारा पोरगा पहाटेपर्यंत वीणा धरून उभा राहिलेला दिसतो, आणि त्याची आई चार वेळा उठून बघून जाते.

आता यात लाउडस्पीकरही आला. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई केली आहे. पहाऱ्याची वीणा मात्र स्पीकरशिवायही अखंडच राहते. काही गावांनी रात्रीचा जागर विनास्पीकर केला, तर शेजारच्या आजारी माणसाचे आशीर्वाद जास्त मिळतील.

विज्ञान काय म्हणते?

मंत्राने आजार बरे होतात, रक्तातील अमुक वाढते, मेंदूतून तमुक लहरी निघतात, असे दावे रोज येतात. त्यांत नीट मोजलेले फार थोडे. एक अभ्यास मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास डिसेंबर २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २३ निरोगी प्रौढांना त्यांनी दोन गोष्टी म्हणायला लावल्या : ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वास त्या गतीला आला की हृदयाची लय आणि रक्तदाब यांचा मेळ राखणारी शरीराची यंत्रणा अधिक संवेदनशील झाल्याचे त्यांना दिसले.

याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. मंत्र दोन धर्मांचे, दोन भाषांचे, परिणाम सारखा. म्हणजे इथे काम करते ते लयबद्ध उच्चाराने लांबणारा उच्छ्वास. ‘राम कृष्ण हरी’ एका उच्छ्वासात तीन-चार वेळा सहज म्हटले जाते, त्यामुळे त्यानेही श्वास संथ व्हावा अशी अपेक्षा ठेवता येते. पण या मंत्रावर तो प्रयोग झालेला नव्हता, माणसे केवळ २३ होती आणि ती निरोगी होती. रक्तदाबाची गोळी बंद करून माळ हातात घ्या, असे हा अभ्यास म्हणत नाही. तसे कोणी सांगत असेल तर गोळी चालू ठेवून त्या माणसापासून दूर राहावे. हर्बर्ट बेन्सन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५ मध्येच सांगितले होते की एखादा शब्द शांतपणे पुन्हा पुन्हा म्हटला तर शरीर शिथिल होते, मग तो शब्द कोणताही असो.

इथे भक्त आणि प्रयोगशाळा वेगळ्या वाटेने जातात. प्रयोगशाळेला शब्द कोणताही चालतो. भक्ताला चालत नाही. घाटी रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर रात्री बाकावर बसून कोणी ‘राम कृष्ण हरी’ पुटपुटत असेल तर तो श्वासाची गती कमी करायला बसलेला नसतो.

मन लागत नाही, त्याचे काय?

जप सुरू करणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच. तोंडाने नाव, डोक्यात गॅसचे बुकिंग. संतांनी हे पाहिलेले होते. जीभ एकीकडे आणि मन दुसरीकडे असल्याबद्दल त्यांनी लोकांना भरपूर सुनावले आहे, माळ मिरवणाऱ्यांना तर जास्तच. पण म्हणून नाम सोडा, असे त्यांनी कुठे सांगितले नाही. मन पळाले हे कळले की परत आणायचे. पुन्हा पळते, पुन्हा आणायचे. जुने वारकरी यासाठी साधी युक्ती सांगतात. आपण म्हणतो ते आपल्याच कानाने ऐकायचे. ऐकायला लागले की मन निदान त्या तीन शब्दांपुरते थांबते.

वेळ कोणती? पहाट चांगली, कारण घर शांत असते. पण गिरणीत, शेतात, रिक्षात बसून म्हटलेले चालते. स्नान, आसन, दिशा यांची सक्ती नाही. हरिपाठ हवा असेल तर ज्ञानेश्वरांचा हरिपाठ २७ अभंगांचा आहे (काही प्रतींत २८), तो अर्ध्या तासात होतो. शिवभक्तांसाठी घृष्णेश्वर ३० किलोमीटरवर आहे आणि पंचाक्षरी मंत्रही तितकाच जुना, ‘नमः शिवाय’ हे शब्द यजुर्वेदातल्या रुद्रात येतात. दोन्ही म्हटले तरी कोणी हरकत घेत नाही. वेरूळ-पैठण एकाच दिवशी करणारे भाविक तेच करतात.

आणि खंड पडला तर? दिवस चुकला, आठवडा चुकला, महिना गेला? घरच्या जपाला प्रायश्चित्त नाही. जिथे थांबले तिथून पुढे सुरू करायचे. खंड पडू द्यायचा नाही तो सप्ताहाच्या वीणेत. म्हणून मांडवाच्या खांबाला चिकटवलेल्या पहाऱ्याच्या यादीत प्रत्येक नावापुढे दुसरे एक नाव कंसात लिहिलेले असते, पहिला आला नाही तर उभे राहायला.